मोल्सन मैदानापर्यंत : मॅकगिल विद्यापीठातले पाच दिवस

पहिला दिवस

१९७६ च्या जुलै महिन्यात मी बारा वर्षांची होते आणि आम्ही खडकीला राहत होतो. वडील दिवसा दारूगोळा कारखान्यात नोकरी करीत आणि संध्याकाळी पाऊस उघडला की मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळत. त्या महिन्यात ते रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी रेडिओला कान लावून बसत, कारण कॅनडात मॉन्ट्रियलला ऑलिंपिक चालू होते आणि तिथल्या आदल्या दिवसाचे निकाल आपल्याकडे सकाळच्या बातम्यांत कळत. त्यातल्याच एका सकाळी ऑस्ट्रेलियाने भारताला सहा-एक असे हरवल्याची बातमी आली. वडिलांनी रेडिओ बंद केला, डबा न घेताच सायकल काढली आणि त्या संध्याकाळी ते मैदानाकडे फिरकले नाहीत. पुढे मी स्वतः हॉकी खेळले, क्रीडाशिक्षिका झाले, ३३ वर्षे शाळेत मुलामुलींना शिकवून निवृत्त झाले. तेवढ्या वर्षांत, तो सामना जिथे झाला ते मॉन्ट्रियलचे मैदान एकदा पाहावे ही इच्छा मनातून गेली नाही. ते मैदान मॅकगिल विद्यापीठाचे आहे, आणि माझी भाची त्याच विद्यापीठात भौतिकोपचार (फिजिओथेरपी) शिकते, म्हणून हा प्रवास घडला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी मॉन्ट्रियलला उतरले. प्रवासाचा शीण असूनही भाचीने मला संध्याकाळी शेरब्रुक रस्त्यावरच्या रॉडिक दरवाजातून विद्यापीठात नेले. विद्यापीठाची स्थापना १८२१ ची. दरवाजातून आत शिरल्यावर रस्ता हळूहळू चढत जातो आणि समोर मॉन्ट रॉयल ही टेकडी, तिच्यावरचे मेपल त्या दिवसांत लालभडक झालेले. विद्यापीठाच्या चिन्हावर तीन लाल पक्षी आहेत. त्यांना मार्टलेट म्हणतात. युरोपातल्या जुन्या कुलचिन्हांमधला हा कल्पित पक्षी असून त्याला पाय नसतात, म्हणजे तो कधी जमिनीवर उतरतच नाही अशी समजूत. इथल्या मुलींच्या संघांना ‘मार्टलेट्स’ हेच नाव आहे. आयुष्यभर मुलींना धावायला शिकवलेल्या बाईला हे नाव आवडले नसते तरच नवल.

दुसरा दिवस

मॅकगिलच्या क्रीडासंकुलाचा भूगोल एकदा समजला की सोपा आहे. शहराच्या बाजूला वर्ग आणि ग्रंथालये, आणि चढ चढून पाइन रस्त्यावर पोचले की व्यायामशाळा, तरणतलाव, बर्फाचे रिंगण आणि मुख्य मैदान हे सारे टेकडीच्या कुशीत एकमेकांना खेटून उभे. विद्यार्थी सकाळी पाठीवर पिशवी टाकून हा चढ चढतात. आमच्याकडे सरावापूर्वी मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, ते काम इथे रस्ताच करतो.

सकाळी आम्ही करी स्मारक व्यायामशाळेत गेलो. सर आर्थर करी यांनी पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यदलाचे नेतृत्व केले आणि युद्धानंतर १९२० पासून १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या विद्यापीठाचे प्रमुख होते. त्यांच्या नावाची ही इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभी राहिली, तेव्हा ती व्यायामशाळा होती तशीच विद्यार्थी-सैनिकांच्या कवायतीची जागाही होती. पुढे तिला जोडून स्मारक सभागृह आणि तरणतलाव आले. पोहायला जाणारी मुले युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मृतीशेजारून जातात, ओले केस पुसत परत येतात, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. आपल्याकडे हुतात्म्यांची स्मारके बहुतेक चौकात, साखळदंडाच्या कुंपणाआड असतात. शाळेच्या मैदानाला किंवा तलावालाच स्मारक मानण्याची ही रीत मला मनापासून पटली, कारण अशी जागा रोज वापरली जाते, रोज झाडली जाते.

बास्केटबॉलच्या सभागृहात मुलींचा सराव चालू होता. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ याच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांचा जन्म १८६१ मध्ये ऑन्टॅरिओतल्या आल्मॉन्टजवळ झाला, १८८७ मध्ये त्यांनी मॅकगिलची पदवी घेतली आणि त्यानंतर इथेच ते शारीरिक शिक्षण शिकवीत होते, त्याच काळात धर्मशास्त्राचाही अभ्यास करीत होते. नंतर ते अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला गेले. तिथे डिसेंबर १८९१ मध्ये, बाहेर बर्फ पडत असताना बंद सभागृहात खेळता येईल आणि ज्यात धसमुसळेपणाला वाव मिळणार नाही असा खेळ तयार करण्याचे काम त्यांच्या वरिष्ठांनी त्यांच्यावर सोपवले. नेस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. म्हणजे जगभरच्या शाळांत आज जो खेळ चालतो, तो क्रीडाशिक्षकाने वर्गाची अडचण सोडवण्यासाठी तयार केलेला आहे. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात साठ मुलांना तासभर कशात गुंतवायचे हा प्रश्न ज्यांनी सोडवला आहे, त्यांना या गोष्टीची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

हा खेळ भारतात रुजला तो मुख्यतः वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाखांमधून. १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन क्रीडाशिक्षकाने मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले आणि आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांच्या पहिल्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. माझ्या प्रशिक्षण महाविद्यालयातले एक वृद्ध प्राध्यापक तिथलेच होते आणि ते आम्हाला चेंडू छातीशी धरून पास द्यायला ज्या पद्धतीने शिकवीत, तीच पद्धत त्या सकाळी इथल्या प्रशिक्षक बाई नवख्या मुलीला दाखवीत होत्या.

दुपारी टॉमलिन्सन फील्डहाउस पाहिले. छताखाली २०० मीटरची धावपट्टी, मध्ये खेळांच्या जागा. इथे हिवाळा पाच महिन्यांचा असल्यामुळे छताखालची धावपट्टी ही चैन राहत नाही.

तिसरा दिवस

मॅककॉनेल रिंगण १९५६ चे आहे. दारातून आत पाऊल टाकले की गार हवेचा झोत अंगावर येतो. शिवाय ओल्या रबराचा आणि घामट सामानाचा एक मिश्र वास, जो हॉकीवाल्यांना जगात कुठेही ओळखीचा वाटावा. बर्फ सपाट करणारे झांबोनी यंत्र फेऱ्या मारीत होते. आमच्या मैदानावर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवला जाई आणि सकाळी फक्की मारली जाई, तेच काम इथे गरम पाण्याच्या पातळ थराने होते.

बर्फावरच्या हॉकीचा इतिहास या विद्यापीठाशी किती जवळून बांधलेला आहे हे मला इथे येईपर्यंत नीट माहीत नव्हते. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर जेम्स क्रेटन यांनी जुळवून आणलेला सामना झाला. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते आणि प्रेक्षकांना लागू नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरली होती. खेळणाऱ्यांत मॅकगिलचे विद्यार्थी होते. बर्फावर काठ्यांनी खेळण्याचे प्रकार त्याआधीही अनेक ठिकाणी चालत, पण ठरलेले संघ, ठरलेली जागा आणि नोंदलेला निकाल असलेला, बंदिस्त जागेतला पहिला सामना म्हणून याची गणना होते. त्या रिंकवरचा बर्फ २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होता, आणि उत्तर अमेरिकेतली आजची व्यावसायिक रिंगणे २०० फुटांवर ८५ फूट असतात; दीडशे वर्षांत माप फारसे हललेले नाही. १८७७ मध्ये मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी आपला हॉकी क्लब स्थापन केला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘मॉन्ट्रियल गॅझेट’मध्ये खेळाचे सात नियम छापून आले.

हे नियम भाचीने मला तिच्या फोनवर वाचून दाखवले आणि मी थांबले. पहिल्याच नियमात म्हटले आहे की खेळ मैदानाच्या मध्यावर ‘बुली’ने सुरू व्हावा. बुली! दोन विरोधी खेळाडू समोरासमोर उभे राहणार, जमिनीला आणि एकमेकींच्या स्टिकला आळीपाळीने तीनदा स्टिक लावणार आणि मग चेंडूवर झडप घालणार. मी शाळेत खेळत होते तेव्हा आमचे सामने असेच सुरू होत. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये मैदानी हॉकीसाठी केलेले नियमच मॉन्ट्रियलच्या तरुणांनी थोड्याफार फरकाने उचलले होते. इतके की बर्फावरच्या खेळाच्या या नियमांत ‘चेंडू’ हा शब्द तसाच राहिला. म्हणजे कॅनडाचा हा खेळ आणि ब्रिटिश फौजांबरोबर आमच्या खडकीसारख्या छावणीत आलेली हॉकी या एका घरातल्या दोन बहिणी आहेत. एक थंडीत वाढली, दुसरी मुरमाच्या धुळीत.

संध्याकाळी मार्टलेट्स संघाचा सराव बराच वेळ पाहिला. या संघाने २००८, २००९ आणि २०११ मध्ये कॅनडाचे आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवले आहे. गोलरक्षक किम सँ-पिएर ही मॅकगिलचीच. तिने २००२, २००६ आणि २०१० अशा तीन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या संघाबरोबर सुवर्णपदक मिळवले, आणि त्याहून मला मोठी वाटणारी गोष्ट अशी की नोव्हेंबर २००३ मध्ये ती मॅकगिलच्या पुरुष संघाकडून गोलमध्ये उभी राहिली आणि तो सामना संघाने जिंकला. पुरुषांच्या आंतरविद्यापीठ साखळीतला विजय नावावर असलेली ती पहिली स्त्री. २०२० मध्ये तिची हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली. मी शाळेत असताना मुलींना सरावाला मैदान मिळे ते मुलांचा सराव संपल्यावर, उरलेल्या उजेडात. शिक्षिका झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती सरावाचे वेळापत्रक बदलण्याची, आणि त्यासाठी दोन वर्षे भांडावे लागले. म्हणून सायंकाळी सहाच्या उत्तम वेळेला, पूर्ण दिव्यांखाली, दोन प्रशिक्षकांच्या देखरेखीत वीस मुली सराव करताहेत हे दृश्य मला कोणत्याही सामन्यापेक्षा मोलाचे वाटले.

एक तंत्राची गोष्टही टिपली. बर्फावर खेळाडू चकतीकडे पाहत नाहीत. चकती कुठे आहे ते त्यांना काठीतून हाताला कळते, नजर मात्र सतत वर. आम्ही मुरमावर खेळताना मान खाली घालूनच खेळत होतो, कारण चेंडू कोणत्या खड्यावर आपटून कुठे उसळेल याचा नेम नसे. पृष्ठभाग खेळाडूची मान ठरवतो, हे मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी दिसले नव्हते.

चौथा दिवस

आज शनिवार आणि मोल्सन मैदानावर फुटबॉलचा सामना. कॅनडातला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. अमेरिकेतल्या खेळाशी साम्य खूप, पण मैदान ११० यार्डांचे, प्रत्येक बाजूला बारा खेळाडू आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चारऐवजी तीनच संधी. खेळ मला पूर्ण समजला असे म्हणणार नाही, परंतु त्याच्या जन्माची हकिकत समजली. मे १८७४ मध्ये मॅकगिलचा संघ हार्वर्ड विद्यापीठाशी खेळायला अमेरिकेतल्या केंब्रिजला गेला. यजमानांचे नियम वेगळे आणि पाहुण्यांचे वेगळे, म्हणून तोडगा असा निघाला की १४ तारखेचा सामना हार्वर्डच्या नियमांनी खेळायचा आणि १५ तारखेचा मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या नियमांनी. पहिला हार्वर्डने जिंकला, दुसरा शून्य-शून्य बरोबरीत सुटला. पण अंडाकृती चेंडू घेऊन पळण्याचा हा पाहुण्यांचा प्रकार हार्वर्डच्या मुलांना इतका आवडला की त्यांनी तोच उचलला, आणि अमेरिकन फुटबॉल पुढे ज्या वळणाने वाढला त्याची सुरुवात तिथे झाली. समोरच्याचे नियम एक दिवस खेळून पाहण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखवली नसती तर काय झाले असते, हा विचार सामना पाहताना अनेकदा मनात आला.

या संघातून घडलेला लॉरां दुव्हर्ने-तार्दिफ इथे वैद्यकशास्त्र शिकत होता. २०१४ मध्ये त्याला अमेरिकेतल्या व्यावसायिक साखळीतल्या कॅन्सस सिटी संघाने घेतले, २०१८ मध्ये तो डॉक्टर झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल, म्हणजे त्या साखळीचा अंतिम सामना, जिंकला. आणि त्याच वर्षी करोनाची साथ आली तेव्हा पुढचा सबंध हंगाम सोडून त्याने क्यूबेकमधल्या वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात काम केले. भाची सांगत होती की भौतिकोपचाराच्या वर्गात हे उदाहरण शिक्षक वारंवार देतात. द्यावेच.

मध्यंतरात तिने मला संघांच्या नावाचीही गोष्ट सांगितली. मॅकगिलच्या पुरुष संघांना १९२० च्या दशकापासून ‘रेडमेन’ म्हणत. नाव पडले तेव्हा त्याचा संबंध लाल पोशाखाशी होता, पण पुढे वर्तमानपत्रांतून या संघांना ‘इंडियन्स’ म्हटले जाऊ लागले, आणि १९८० च्या दशकात पिसांचा मुकुट घातलेल्या आदिवासी पुरुषाचे चित्रही पोशाखावर आले. चित्र १९९२ मध्ये गेले, नाव राहिले. मग २०१८ मध्ये मूलनिवासी समाजातल्या एका विद्यार्थ्याने, जो स्वतः विद्यापीठाच्या नौकानयन संघात होता, हे नाव बदलण्याची मोहीम उभी केली. विद्यार्थ्यांच्या मतदानात जवळपास ७९ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. एप्रिल २०१९ मध्ये विद्यापीठाने नाव मागे घेतले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘रेडबर्ड्स’ हे नवे नाव जाहीर केले. रंग राहिला, पक्षी मार्टलेट्सच्या घरातूनच आला. अनेक जुन्या खेळाडूंना हा निर्णय जिव्हारी लागला, कारण त्या नावाखाली त्यांनी हाडे मोडून घेतली होती, आणि त्यांची भावना मला समजते. तरीही जो खेळाडू संघासाठी पहाटे पाचला वल्ही मारतो, त्याला छातीवरचे नाव घालताना अपमान वाटत असेल, तर नाव बदलणे हेच खेळाच्या रीतीला धरून आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवा दिवस

भाचीने मैदान सांभाळणाऱ्यांना माझ्या येण्याचे कारण सांगून ठेवले होते, त्यामुळे सकाळी सरावापूर्वी अर्धा तास आम्हाला मैदानात उतरू दिले.

पर्सिव्हल मोल्सन हा मॉन्ट्रियलच्या प्रसिद्ध मद्यउद्योजक घराण्यातला. मॅकगिलमध्ये शिकताना त्याला लागोपाठ तीन वर्षे विद्यापीठाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटर धावला. पुढे विद्यापीठाच्या नव्या मैदानासाठी त्याने पुढाकार घेतला. वास्तुकार पर्सी नॉब्स यांनी टेकडीचा उतारच प्रेक्षकांच्या बैठकीसाठी वापरून घेतला आणि १९१५ मध्ये मैदान खुले झाले, पण तोपर्यंत मोल्सन सैन्यात दाखल झाला होता. ५ जुलै १९१७ रोजी तो फ्रान्समध्ये मारला गेला. मैदान पुरे करण्यासाठी त्याने मृत्युपत्रात ७५,००० डॉलर ठेवले होते, आणि १९१९ मध्ये मैदानाला त्याचे नाव दिले गेले. आज इथे विद्यापीठाच्या संघाखेरीज मॉन्ट्रियल अलुएट्स हा व्यावसायिक संघही खेळतो आणि सुमारे २३ हजार प्रेक्षक बसू शकतात.

आणि इथेच, १९७६ च्या जुलैमध्ये, ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत पदक मिळवले होते, त्यांतली सात सुवर्ण. आदल्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, क्वालालंपूरला अजितपालसिंग यांच्या संघाने पाकिस्तानला दोन-एक असे हरवून विश्वचषक जिंकला होता आणि विजयी गोल ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी केला होता. अजितपालसिंग आणि अशोककुमार दोघेही इथे खेळले. हॉलंडने आपल्याला तीन-एक असे हरवले, ऑस्ट्रेलियाने सहा-एक. उपान्त्य फेरीत जाण्यासाठी ऑस्ट्रेलियाशी पुन्हा खेळण्याची वेळ आली तेव्हा बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण हरलो. भारत सातवा आला. महिलांची हॉकी तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती चार वर्षांनी मॉस्कोला आली.

आमच्या पिढीत या पराभवाचे खापर सरसकट अ‍ॅस्ट्रोटर्फवर फोडले गेले. त्यात तथ्य आहे. सपाट, वेगवान पृष्ठभागावर चेंडू सरळ जातो, त्यामुळे मनगटाने चेंडू खेळवत एकेकाला चकवण्यापेक्षा लांब पास, जोरदार फटका आणि तेव्हाच्या सामन्याची सत्तर मिनिटे धावण्याची ताकद यांना किंमत येते. शिवाय ते मैदान महाग, आणि आपल्याकडच्या मुलांना त्यावर पाऊल ठेवायला पुढे कित्येक वर्षे मिळाले नाही. मी स्वतः पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर उभी राहिले तेव्हा माझे खेळायचे वय संपून गेले होते. तरी एक गोष्ट वडील शेवटपर्यंत सांगत, आणि तीच मला बरोबर वाटते. त्याच मैदानावर पाकिस्तानने कांस्यपदक मिळवले, आणि त्यांची मुलेही आमच्यासारख्याच मैदानांवर वाढलेली होती. बदलाची चाहूल लागल्यावर तयारी करायची असते, आणि ती आपण खेळाडूंना करू दिली नाही, असे ते म्हणत. खेळाडूंबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही.

आता तिथे १९७६ चे गवत नाही. फुटबॉलसाठीचे लांब पात्यांचे कृत्रिम गवत आहे, त्यात काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले. पण यार्डांच्या रेघा होत्या, आणि हॉकीच्या मैदानाची मापे मला पाठ आहेत: लांबी १०० यार्ड, रुंदी ६०. इथले मैदान ११० बाय ६५. हॉकीचे मैदान बरोबर मध्ये आखले असे धरले तर दोन्ही टोकांना पाच-पाच यार्ड उरतात. त्या हिशोबाने टेकडीकडून पाहता डाव्या हाताच्या टोकाला पाच यार्डांची रेघ गाठून मी गोलची जागा ठरवली, भाचीला तिथे उभे केले आणि तिथून सोळा यार्ड मोजत निघाले. सोळा यार्डांवर डीची, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोल भागाची, कड येते. कड डावीकडून उजवीकडे अंदाजाने चालून काढली, तीनदा थांबून भाचीकडून अंतर तपासून घेतले. शाळेत फक्कीचा डबा घेऊन हीच कमान मी दर हंगामात काढली आहे, त्यामुळे पायांना वळण ठाऊक होते.

तेवढ्यात फुटबॉलची मुले सरावाला उतरू लागली. एक धिप्पाड मुलगा शिरस्त्राण काखेत धरून जवळ आला आणि काही हरवले आहे का, असे त्याने अदबीने विचारले. भाचीने त्याला सांगितले, की १९७६ मध्ये इथे ऑलिंपिकची हॉकी झाली होती आणि मावशी गोलची जागा शोधते आहे. त्याला हे ठाऊक नव्हते. त्याने आणखी दोघांना हाक मारली, मग मी त्यांना डी म्हणजे काय, गोल फक्त त्याच्या आतूनच का मारता येतो आणि पेनल्टी कॉर्नरला कोण कुठे उभे राहते हे चालून दाखवले. एकाला गोलरक्षक केले, एकाला कडेवरून चेंडू आत टाकायला उभे केले, चेंडू मात्र त्यांचाच, लांबट.

“सुवर्णपदक कुणी घेतले?” पहिल्याने विचारले.

“न्यूझीलंडने,” मी म्हणाले, “ऑस्ट्रेलियाविरुद्ध, एक-शून्य.”

“आणि तुमचा देश?”

“सातवा.”

त्याने मान हलवली आणि मी दाखवलेल्या कडेवर पाय रोवून गोलकडे एकदा नीट पाहून घेतले. मग शिटी वाजली, आणि आम्ही पाइन रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडलो.